वरचं सप्तक

७ जानेवारी

डोलकाठी आज पुन्हा रडली. वाजवताना! दुसऱ्या पानावर डावा हात लांब उडी मारतो, नेमकं तिथे डोळे मिटलेले, मान मागे, गालावर पाणी. उडी अर्थातच चुकली. डोळे मिटून उडी मारल्यावर माणूस खड्ड्यातच पडतो, त्यात नवल ते काय?

"बाई, मला इथे खूप भरून येतं."

म्हटलं, "भरून आलं की बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहा. रिकामी झालीस की आत ये."

माझ्या वरच्या वर्गातली ही त्यातल्या त्यात बरी मुलगी. बोटं चांगली आहेत, पंजा मोठा आहे. पण पियानोवर बसली रे बसली की वादळातल्या गलबतासारखी डोलायला लागते. खरं नाव मी कधीच विसरले. डोलकाठी म्हटलं की हल्ली तीही ओ देते.

आणि हे डोलणं शिकवलं कुणी? रुमालवाल्याने! शाळेतला दुसरा पियानोशिक्षक, खालचा वर्ग त्याच्याकडे. भिंतीपलीकडची खोली त्याची. स्वतःचं वाजवून झालं की खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढतो, आधी कपाळ टिपतो, मग डोळे. आधी कपाळ, मग डोळे. हा क्रम त्याचा कधी चुकत नाही. बाकी सगळं चुकतं.

९ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावलं. मार्चमध्ये मोठ्या सभागृहात कार्यक्रम. यंदा विद्यार्थी नाहीत, शिक्षक वाजवणार. म्हणजे दोघंच — रुमालवाला आणि मी. सगळं एकोणिसाव्या शतकातलं, रोमँटिक काळातलं हवं. "लोकांना तेच आवडतं," म्हणाले. लोकांना काय आवडतं ते यांना कुणी सांगितलं? त्यांच्या मेहुणीने.

मग चष्मा पुसत पुसत मूळ मुद्द्यावर आले. "वरचा वर्ग पुढच्या वर्षी कुणाकडे ठेवायचा, ते कार्यक्रम झाल्यावर ठरवू."

ठरवू? तो वर्ग माझा आहे! केस काळे होते तेव्हापासून माझा आहे.

"पालकांचं म्हणणं असं पडतं, की मुलांचा हात तयार होतो, पण वाजवणं जरा — कोरडं वाटतं."

कोरडं. टॉवेल आहे का तो? माणूस मूळचा हलक्या कानाचा. कुणी तरी येऊन काही तरी फुंकलं, की झाली यांची खात्री.

वर्ग गेला तर मला काय उरणार? खालचा वर्ग. नाक ओढणारी पाच वर्षांची पोरं, पाच बोटांचे धडे, आणि बाहेर बाकावर बसून विणकाम करणाऱ्या त्यांच्या आया. त्याचं मला दुःख नाही असं कुणाला सांगेनही. कागदाशी खोटं काय बोलायचं? मला लग्न नाही, मूल नाही. तो वर्ग आहे. तो गेला तर सकाळी उठून मी काय करायचं, ते मला माहीत नाही.

१० जानेवारी

घरी दादाला सांगितलं. म्हणाला, "मग वाजव की चांगलं." एवढंच! जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले, त्यामुळे याला सगळे रस्ते सरळच दिसतात.

१३ जानेवारी

नॉक्टर्न निवडलं, म्हणजे रात्रीचं गीत. लांबीला लहान, वाजवायला सोपं — असं लोकांना वाटतं. संथ आहे ना! संथ म्हणजे सोपं, हे गाढवांचं गणित. जलद वाजवताना चूक धुरळ्यात झाकली जाते. संथ चालीत एक सूर जड पडला की झालं, ताटातला खडा कसा बरोबर दाताखाली यावा तसा येतो.

रुमालवाला बॅलड वाजवणार आहे, गोष्ट सांगितल्यासारखी लांबलचक रचना. अर्थात. तिथे हात हवेत उडवायला जागा भरपूर.

माझ्या बाई — ज्यांच्याकडे मी शिकले त्या — एकच वाक्य सांगायच्या. "रडायचं ते श्रोत्यांनी. आपण मोजायचं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. मीही तेव्हा डोलायचे! त्यांनी माझ्या डोक्यावर एक पातळ वही ठेवली आणि म्हणाल्या, "ही पडली नाही तर उद्या ये." वर्षभर वही डोक्यावर ठेवून वाजवलं. डोलणं गेलं. त्यानंतर जे यायला लागलं, त्याला वाजवणं म्हणतात.

पण हे डोलकाठीला सांगून उपयोग नाही. म्हणेल, बाई, वही पडली की मला खूप भरून येतं.

१६ जानेवारी

घरचा पियानो बसलाय. खालचे सूर ठीक, मधले ठीक, वरची दोन सप्तकं मात्र घोंगडी पांघरून बसल्यासारखी. नॉक्टर्नचा सगळा जीव उजव्या हाताच्या करंगळीत आहे, आणि करंगळीखालून आवाजच निघत नाही. दमट हवेने तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचं फेल्ट फुगलं असणार. ट्यूनिंगवाल्याला निरोप धाडला.

१९ जानेवारी

ट्यूनिंगवाला आला. म्हणजे आधी त्याची बडबड आली, मागून तो. कुठल्या कुठल्या बड्या घरांतले पियानो त्याच्या हाताखाली आहेत ते ऐकावं लागलं, चहा दोनदा द्यावा लागला. मग एकदाचं झाकण उघडलं.

"बाई, फेल्ट तर मस्त आहे. सूरही जागच्या जागी आहेत."

"सूर जागेवर आहेत, ते मलाही कळतं. पण ते बोलत नाहीत. वरची दोन सप्तकं कडक करा."

"अहो, पण—"

"माझे कान तिखट आहेत. तुम्ही फक्त हात चालवा."

फेल्ट कडक झालं की सूर टोकदार निघतो; त्यासाठी तो लाखेचं पातळ पाणी लावतो. लावलं. वाळल्यावर वाजवून बघितलं. फरक पडला, पण उन्नीस-बीसच. याने पाणी जास्त घातलं असणार. दुधात घालतात तसं.

दादा दुसऱ्या खोलीतून ओरडला, "अगं, पत्र्यावर खिळे कोण सांडतंय?" दादाची संगीताची जाण ही अशी.

२५ जानेवारी

स्वयंपाकघरातला टायमर बंद पडला. वाटाणे करपून पातेल्याला चिकटले. दादा म्हणतो, टायमर केव्हाचा बोंबलत होता. मग उठून बंद का केला नाही? म्हणे, "मला वाटलं तुला ऐकू येतंय." त्याची सबब नेहमीच तयार असते.

२ फेब्रुवारी

डोलकाठीला आज उजव्या हाताचा वरचा सूर गाता करायला शिकवलं. शिकवलं म्हणजे, प्रयत्न केला.

"करंगळीवर वजन टाक. बाकीची चार बोटं नोकर आहेत, करंगळी मालकीण. ऐकू आली पाहिजे!"

वाजवलं. काही नाही. म्हटलं, अजून. वाजवलं. अजून! शेवटी तिने असा काही सूर मारला, की स्वतःच दचकली.

"बाई, हे जास्त होतंय ना?"

"तुझं रडणं जास्त होतं. हे कमी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आजकालची मुलं बघतात तशी — आपल्यासारख्या म्हाताऱ्यांना काही कळत नाही असं त्यांना वाटतं तेव्हा. बघ बाई, बघ. तुझ्या वयाची होते तेव्हा मीही माझ्या बाईंकडे असंच बघत होते, आणि माझंच चुकत होतं.

पण एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. डाव्या-उजव्या हाताचं आज तिच्या डोक्यात शिरलं. मी सांगितलं — डावा हात म्हणजे रस्त्याने चालणारा बाप. एका लयीत चालतो. उजवा हात म्हणजे त्याचं बोट धरून निघालेलं पोर. दुकानाशी रेंगाळतं, मग धावत पुढे जातं, पण बोट सुटत नाही. बापाने पोराबरोबर रेंगाळायचं नाही आणि पोराने बाप होऊन चालायचं नाही. तिने पहिलं पान वाजवलं. न डोलता! बाप चालत होता, पोर रेंगाळत होतं. मला बरं वाटलं. अर्थात चेहऱ्यावर दाखवलं नाही, नाहीतर लगेच तिला भरून आलं असतं.

६ फेब्रुवारी

शिक्षकांच्या खोलीत रुमालवाल्याशी जुंपली.

तो खिडकीशी उभा राहून चहा ढवळत होता. मी न विचारता सुरू झाला. "बाई, तुम्ही सुंदर वाजवता. पण कायम मोजत असता. एकदा मोजायचं विसरून बघा ना. रोमँटिक संगीतात वेळ चोरायचा असतो."

म्हटलं, "चोरावा. जरूर चोरावा. पण इथे चोरलेला तिथे परत करायचा असतो. तुम्ही नुसते चोरून पळता."

इतिहासाचे मास्तर हसले. हा मात्र चिडला नाही. हाच तर त्याचा वैताग! चिडतच नाही. डोळे ओलसर करून म्हणाला, "परत केलेलं प्रेम, ते कसलं प्रेम?"

मोठा आला प्रेमाचा! बॅलडच्या शेवटच्या पानावर अर्धे सूर गिळतो, ते कुणाच्या प्रेमापोटी? वाजवता येत नसलं की माणूस भावनेच्या गोष्टी करतो. चालता येत नसलं की नाचाच्या गप्पा.

१५ फेब्रुवारी

ट्यूनिंगवाल्याला पुन्हा बोलावलं. वरची सप्तकं परत झोपली. आज त्याने चक्क हात जोडले.

"बाई, आता आणखी लावलं तर किंचाळेल हा पियानो. काचेवर नख ओढल्यासारखा वाजेल."

"तुमच्या त्या बड्या घरांतून असंच चालत असेल. इथे मी सांगेन ते होईल."

केलं त्याने. तोंड कडू करून केलं. आता जरा जरा उजेड पडलाय. पुरेसा नाही, पण चालेल. रोज सकाळी नॉक्टर्नची तीन पानं, टकटक ताल मोजणारा मेट्रोनोम लावून, मग न लावता. दादाने हल्ली सकाळी फिरायला जायचं मनावर घेतलंय. इतकी वर्षं डॉक्टर सांगून दमले, तेव्हा हलला नाही. आता मी पियानोचं झाकण उघडलं की याच्या पायात बूट.

२३ फेब्रुवारी

संतापले आज. सभागृहातल्या सरावाची वेळ शाळेच्या कारकून बाईने फोनवर सांगितली — दहा. मी दहाला हजर, सभागृहाला कुलूप! रखवालदार म्हणतो, सराव संध्याकाळी सहाला आहे. फोन करून त्या बाईला फैलावर घेतलं. "मॅडम, मी सहाच म्हणाले होते." म्हणाली होती! तोंडात गुळणी धरल्यासारखं बोलायचं आणि वर आपलंच खरं करायचं. हल्ली कुणी स्वच्छ बोलतच नाही. डोलकाठी पुटपुटते, दादा पुटपुटतो, प्राचार्य तर मिशीतल्या मिशीत. शब्द उच्चारायचंही तंत्र असतं, म्हटलं, पण तंत्राचं नाव काढलं की मी कोरडी.

संध्याकाळी परत गेले. सहाला.

सभागृहाचा पियानो लांबलचक, काळाकुळकुळीत, आणि वरून पार मुका. घरच्यापेक्षा मुका! मी प्राचार्यांना म्हटलं, याची वरची दोन सप्तकं कडक करून घ्यायला हवीत. रुमालवाला म्हणाला, "मला तर छान मऊ वाटतोय." त्याला मऊच वाटणार. मऊ असलं की चुका ऐकू येत नाहीत.

प्राचार्य दोघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कानाच्या बाबतीत बाई म्हणतील तसं. बाईंचा कान म्हणजे कान."

कोरडा आहे, पण कान आहे. एवढं तरी कबूल केलं!

८ मार्च

ट्यूनिंगवाल्याने सभागृहाचा पियानो कडक केला. मी समोर उभी राहून करून घेतला. शेवटी म्हणाला, "बाई, कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका." भित्रा.

९ मार्च

झालं एकदाचं.

सभागृह भरलं होतं. आधी रुमालवाला. मी पडद्याआड खुर्ची टाकून बसले होते, तिथून पहिल्या दोन-तीन रांगा दिसतात. बॅलडची सुरुवात ठरल्याप्रमाणे — कपाळावर आठ्या, एक हात हवेत. पण तो वरच्या सप्तकात चढला आणि मी चकितच झाले. इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्याला ऐकते, त्याचा वरचा सूर इतका स्वच्छ कधी ऐकला नव्हता! टपोरा, मोकळा, एकेक वेगळा. मनात म्हटलं, बघा, हा पियानो मी बोलता केला, आणि श्रेय खाणार हा.

मग सहज समोर बघितलं.

प्राचार्यांनी लिंबू चोखल्यासारखं तोंड केलं होतं. त्यांच्या मेहुणीने हात कानाशी नेला आणि मग केस सारखे केल्याचं दाखवलं. दुसऱ्या रांगेत डोलकाठी — खांदे थेट कानांपर्यंत वर. तिच्या मागे दादा. दादाचा चेहरा मी पाळण्यातून बघत आलेय. दात शिवशिवले की त्याचा डावा डोळा बारीक होतो. रुमालवाल्याचा वरचा सूर आला की दादाचा डावा डोळा बारीक. पुन्हा सूर, पुन्हा डोळा.

मला ते सूर सुंदर वाटत होते.

टाळ्या पडल्या, सभ्य माणसं वाजवतात तेवढ्या. रुमालवाल्याने रुमाल काढला, कपाळ टिपलं, आणि डोळे न टिपता रुमाल खिशात घातला. पडद्याआड आला. उभा राहून आपल्या हातांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

मग माझं नाव पुकारलं.

पडद्यामागे ऐकू येतं एक आणि समोर ऐकू येतं दुसरं, हे कुठल्याही जाणत्याला ठाऊक असतं. तेव्हा पियानोपर्यंत चालत जाताना मी ठरवून टाकलं — कानाला विचारायचं नाही. बोटांना विचारायचं. हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, आणि ही फुशारकी नाही, आयुष्य घालवलंय यात. करंगळीवर किती वजन टाकलं की केवढा सूर निघतो, ते माझ्या मनगटाला पाठ आहे. मऊ पियानोवर इतकं. कडक पियानोवर त्याच्या निम्मं. त्या पियानोवर निम्म्याच्याही निम्मं. वरच्या सुरांना मी नुसतं शिवले आणि सोडलं.

बाप चालत होता. पोर काय करत होतं, ते बोटांनी सांगितलं तेवढंच मला कळलं.

शेवटच्या पानावर तो सगळ्यात वरचा सूर आहे. अगदी हळू लिहिलेला, त्याच्यानंतर सगळं खाली उतरत जातं. तिथे थांबले. मग उतरले. संपलं.

सभागृहात चिडीचूप. मला वाटलं, गेलं. वर्ग गेला, सगळं गेलं. उठून उभी राहिले, म्हटलं वाकून नमस्कार करावा आणि मागच्या दाराने घरी जावं.

मग टाळ्या. बसलेले लोक उभे. प्राचार्यांची मेहुणी हुंदके देत होती!

१० मार्च

आज शाळेत नुसता पूर लोटला होता. सगळ्यांना सांगायचं आहे, आणि सगळ्यांना एकच सांगायचं आहे.

"बाई, त्या वरच्या सुरावर तुम्ही थांबलात ना..." — इतिहासाचे मास्तर.

"तो सूर! मला वाटलं आता माझा श्वास बंद पडतो." — कारकून बाई. हे मात्र स्वच्छ बोलली.

"काय ती तगमग! इतकी वर्षं कुठे लपवली होतीत?" — प्राचार्य. वर्तमानपत्रात कुणी दोन ओळी लिहिल्यात, तो कागद नाचवत होते. त्यातही तेच. 'त्या एका सुरावर कलावतीने जणू स्वतःचं काळीज थांबवलं.' काळीज थांबवलं! ज्याने लिहिलं, त्याला काळीज आणि पेडल यांतला फरक तरी माहीत आहे का?

जन्मभर मी एकेक सूर तोलून मापून वाजवला, तेव्हा यांना कोरडं वाटलं. एका सुरावर जरा रेंगाळले, तर भावना! म्हणजे यांची भावना म्हणजे उशीर. आगगाडी उशिरा आली की यांनी रडायला हवं.

का थांबलात, हे मात्र एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

वरचा वर्ग माझ्याकडे. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. "असा कान आणि असं हृदय, एकाच ठिकाणी! मुलांना आणखी काय हवं?"

रुमालवाला सगळे पांगल्यावर आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि रुमाल काढायचं भानही नाही. "बाई, माझं काल काय झालं मला कळलं नाही. वरचे सूर माझ्या हाताखाली नुसते किंचाळत होते. मला वाटलं, पियानोच वाईट आहे. मग त्याच पियानोवर तुम्ही बसलात." मनगटानेच गाल पुसला. "मी आजवर स्वतःच रडत आलो. तुम्ही दुसऱ्यांना रडवलंत. वर्ग तुमच्याकडेच हवा."

काही तरी खवचट बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही. बोलले नाही.

११ मार्च

वर्ग घेतला. डोलकाठीने नॉक्टर्न आणलं होतं, माझं. शेवटच्या पानापर्यंत आली आणि त्या वरच्या सुरावर थांबली. मी थांबले होते, अगदी तितकीच. डोळे उघडे, मान सरळ, न डोलता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, इतका हळू बरोबर आहे, का अजून हळू?"

मी म्हटलं, "ठीक आहे."

"पण बाई, नीट आला का तो?"

म्हटलं, "पुढे वाजव."

१२ मार्च

सकाळी दादा बूट घालत होता. म्हटलं, थांब जरा, बस इथे. त्याला पियानोशेजारच्या खुर्चीवर बसवलं. मधून सुरुवात केली आणि एकेक पट्टी वर चढत गेले, हळूहळू, हलक्या हाताने.

"हा ऐकू येतो?"

"येतो की."

"हा?"

"येतो."

"हा?"

"अगं हो. काय चाललंय हे?"

"हा?"

"येतोय गं. चांगला येतोय."

"आणि हा?"

"बास कर, दात आंबले माझे!"

मी आणखी एक दाबला. त्याचा डावा डोळा बारीक झाला. मी झाकण लावलं.

दादाने माझ्याकडे बघितलं. एका पायात बूट, दुसऱ्यात नाही. मग म्हणाला, "टायमर त्या दिवशी चालू होता गं." म्हटलं, "कळलं."

चहा त्याने केला. पाणचट केला.

१३ मार्च

प्राचार्यांना सांगून आले, वरचा वर्ग रुमालवाल्याला द्या. त्याचं वाजवणं माझ्यामुळे बिघडलं, पियानो मी बिघडवून घेतला होता, हेही सांगितलं. "पण असं का केलंत?" म्हणाले. ते नाही सांगितलं, आणि त्या दिवशी का थांबले तेही नाही. इथे लिहिते.

नॉक्टर्नच्या त्या वरच्या सुरावर मी मोजत नव्हते. सूर ऐकू यायची वाट बघत होते. आला नाही, म्हणून पुढे गेले.